शहराचे सांडपाणी आणि आपली पंचगंगा



उन्हाळ्यात नदीची धार बारीक झाली, की पाण्याला वास मारतो, मासे मरून काठाला लागतात. मग पारावर एकच विषय निघतो : "कोल्हापूरच्या सांडपाण्याचं करतात तरी काय?" आमच्याकडेही हा प्रश्न येतो, म्हणून थोडक्यात माहिती देत आहोत.

शहराचे पाणी जयंती नाल्यासारख्या नाल्यांनी नदीकडे उतरते. नाल्यावर बंधारा घालून ते अडवतात आणि पंपाने उचलून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्रात नेतात. या केंद्राची क्षमता रोज ७ कोटी ६० लाख लिटर आहे. दुधाळीला १ कोटी ७० लाख लिटरचे दुसरे केंद्र आहे.

मासे का मरतात?

मासे विषानेच मरतात असे नाही. पुष्कळदा ते गुदमरून मरतात. चांगल्या नदीच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. पाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू हाच प्राणवायू वापरतात. शहरी सांडपाण्याच्या एका लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे एक लिटर सांडपाणी नदीच्या तीस लिटर पाण्याचा श्वास संपवते. पावसाळ्यात नदी हे सोसते. एप्रिल-मे महिन्यात कुठून सोसणार?

केंद्रात काय होते?

आधी जाळीवर चिंध्या, प्लॅस्टिक अडते. मग वाळू-माती खाली बसवतात. पुढे मोठ्या टाकीत ब्लोअरने हवा सोडतात. नदीत जिवाणू जे काम नदीचा प्राणवायू खाऊन करतात, तेच काम इथे बाहेरची हवा देऊन करून घेतात. एवढेच यातले मर्म. नंतर हवा बंद केली, की गाळ तळाला बसतो, जसा आपल्या कारखान्यात रसातला मळ बसतो. वरचे निवळ पाणी काढून त्यात क्लोरीन घालतात. थोडा गाळ मात्र मागे राखतात, कारण त्यातच जिवाणू असतात. घरात विरजणाला दही राखतो, तसेच हे. नीट चाललेल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्राणवायूची मागणी ३० मिलिग्रॅमच्या आत येते, म्हणजे नदीवरचा बोजा आठव्या हिश्श्यावर.

कमी कुठे पडते?

वीज गेली, पंप बंद पडला, की नाला बंधाऱ्यावरून सरळ नदीत. जोराच्या पावसातही तेच. जो नाला केंद्राला जोडलेला नाही, त्याला केंद्राचा उपयोग नाही. शिवाय नत्र-स्फुरदाचा अंश शुद्ध केलेल्या पाण्यातही राहतो. जलपर्णी त्यावरच माजते, आणि आपल्या रानातून वाहून जाणारा युरियाही तिला पोसतो.

आता आपल्याविषयी

शहराकडे बोट दाखवताना आपलेही पाहिले पाहिजे. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशच्या एका लिटरला ४० हजार मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त प्राणवायू लागतो. म्हणजे एक लिटर पाच हजार लिटर नदीला पुरून उरतो! म्हणूनच त्याचा थेंबही नदीत जाऊ न देण्याचे बंधन आहे. साखर कारखान्याच्या सांडपाण्यालाही शुद्धीकरण सक्तीचे आहे. मशिनरी बसवली म्हणजे काम झाले असे नाही. ती रोज चालली पाहिजे.

तेव्हा सर्वसाधारण सभेत ऊसदराबरोबर हेही विचारा : आपले सांडपाणी केंद्र हंगामात किती दिवस बंद होते, आणि का? विचारणे तुमचा हक्क आहे, उत्तर देणे आमचे काम. आणि घरी एवढे पाळा : औषध फवारणीचा पंप नदीत धुऊ नका, मोकळे डबे पाण्यात टाकू नका, खत पाऊस बघून घाला. तेच पाणी खालच्या गावात पाव्हण्या-रावळ्यांच्या घागरीत जाते.