एमबीबीएस प्रवेश : बारावीनंतर काय लागते?

• पात्रता : बारावीला इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. विज्ञानाच्या तिन्ही विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण. कमाल वयोमर्यादा नाही.

• नीट (प्रवेश परीक्षा) : १८० प्रश्न, ७२० गुण, तीन तास. जीवशास्त्राचे ९० प्रश्न, इतर दोन विषयांचे प्रत्येकी ४५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते.

• पर्सेंटाइल आणि टक्के : खुल्या प्रवर्गाची पात्रता ५० पर्सेंटाइल, म्हणजे साधारण निम्म्या परीक्षार्थींच्या पुढे असणे, ७२० पैकी ३६० गुण नव्हे. पात्र ठरल्यावरही जागा गुणवत्ता क्रमांकानेच मिळते.

• कोटा : सरकारी महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय, ८५ टक्के राज्याच्या. महाराष्ट्रात राज्य कोट्याचे प्रवेश सीईटी कक्षाकडे. दोन्हींसाठी नोंदणी वेगवेगळी.

• कागदपत्रे : अधिवास दाखला, प्रवर्गानुसार जातवैधता व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र.

• एएफएमसी (सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय), पुणे : नीटनंतर इंग्रजीची चाचणी, मुलाखत, वैद्यकीय तपासणी.

• कालावधी : साडेचार वर्षे शिक्षण, त्यानंतर एक वर्ष सक्तीची आंतरवासिता.