जुनी स्कूटर आणि वीस टक्के इथेनॉल

पंपावर आज आपल्या गाडीत जे पेट्रोल पडते, त्यातला पाचवा हिस्सा पेट्रोल नसतोच. तो असतो इथेनॉल, म्हणजे मळी, उसाचा रस, मका किंवा तांदूळ यांपासून काढलेला अल्कोहोल. ज्याच्या घरी गेल्या दोन-तीन वर्षांत घेतलेली नवी गाडी आहे, त्याला याची फारशी काळजी नाही. पण आपल्या वस्त्यांत नव्या गाड्या किती? कामावर जाणारा बाप, भाजी आणणारा भाऊ, दूध घालणारा शेजारी यांच्या बुडाखाली असते ती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची चेतक, एम-एटी, जुनी स्प्लेंडर, फार तर हप्ते फेडून घेतलेली सेकंडहँड मारुती. या गाड्या जेव्हा बनल्या, तेव्हा असे पेट्रोल कोणाच्या डोक्यातही नव्हते. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

हे सारे एका दिवसात आलेले नाही. २००१ साली देशात तीन ठिकाणी याचा प्रयोग झाला. त्यातली दोन ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशातले आंवला. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली. २०२२ च्या जूनपर्यंत प्रमाण दहा टक्क्यांवर गेले. वीस टक्क्यांचे पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळूरला जाहीरपणे सुरू झाले आणि २०२५ मध्ये ते देशभर पोहोचले. आधी यासाठी २०३० ची मुदत होती, ती पाच वर्षांनी अलीकडे ओढली गेली. पेट्रोल बदलण्याचा हा वेग गाड्या बदलण्याच्या वेगापेक्षा फार मोठा आहे, आणि खरी अडचण इथेच आहे. वीस टक्के इथेनॉल सोसतील असे रबर आणि धातू घालून गाड्या बनवणे सुरू झाले ते एप्रिल २०२३ पासून. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांचे रबर-प्लास्टिक फार तर दहा टक्के सोसणारे, आणि त्याहूनही जुन्या गाड्यांचा तर हिशेबच नाही.

इथेनॉलमध्ये वाईट तेवढेच आहे असे आम्ही म्हणणार नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे की या पेट्रोलमुळे दुचाकीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यापर्यंत घटतो. चौकात दिवसभर उभा राहणारा हातगाडीवाला आणि रस्ता झाडणारी आपली भगिनी यांच्या छातीत जाणारा हा धूर आहे, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. परदेशातून आणावे लागणारे तेलही कमी होते. (कारखान्यांना मिळालेल्या इथेनॉलच्या पैशांतून ऊस तोडणाऱ्या कोयत्याच्या पदरात काय पडले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता गाडीत काय होते ते पाहू. पहिली गोष्ट अ‍ॅव्हरेजची. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्यामुळे वीस टक्के मिसळले की अ‍ॅव्हरेज घटणारच. त्याच अहवालाने जुन्या धाटणीच्या दुचाकीसाठी ही घट तीन ते चार टक्के आणि चारचाकीसाठी सहा ते सात टक्के धरली आहे. हिशेब करून पाहा. पंचेचाळीसचे अ‍ॅव्हरेज देणारी गाडी दररोज पन्नास किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस चालली, तर दहा ते चौदा लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरला शंभर रुपये धरले तरी हजार ते चौदाशे रुपये झाले. श्रीमंताला ते दिसणार नाहीत. आपल्या घरात तेवढ्यात मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. या पेट्रोलची किंमत कमी ठेवावी म्हणजे घट भरून निघेल, असे त्या अहवालातच सुचवले होते. किंमत मात्र कमी झाली नाही. इथेनॉलची खरेदीच पेट्रोलपेक्षा महाग पडते, असे उत्तर २०२५ मध्ये मंत्रालयाकडून आले.

दुसरी गोष्ट रबराची. पेट्रोलचा पाइप, कॉकमधला वॉशर, कार्बोरेटरच्या वाटीचे गॅस्केट, फ्लोटच्या पिनेचे रबरी टोक हे सारे जुन्या गाडीत साध्या रबराचे असते. इथेनॉलमध्ये ते फुगते, मऊ पडते, मग वाळून तडकते. फुगलेली पिन बसत नाही, की गाडी ओव्हरफ्लो होते. तडकलेल्या पाइपातून थेंब-थेंब पेट्रोल गरम इंजिनावर पडते. इथे नुकसान पैशाचे राहत नाही, आगीचे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने काढलेल्या निवेदनातही मान्य केले आहे की काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. हे काम स्वस्त आहे आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होते, असे त्यांचे म्हणणे. पाइप-वॉशरची किंमत किरकोळ आहे हे खरे. पण ज्याची गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे तोंड पाहत नाही, त्याला हे सांगणार कोण?

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि आमच्या मते जुन्या स्कूटरला सर्वात धोक्याची हीच. साध्या पेट्रोलमध्ये पाणी मिसळत नाही. इथेनॉल मात्र हवेतला ओलावाही ओढून घेते. थोडे पाणी ते आपल्यात जिरवून टाकते आणि गाडी चालत राहते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. पत्र्याची टाकी तळातून गंजू लागते. कार्बोरेटरच्या जस्त-मिश्रित ओतकामावर पांढरी पूड धरते. चेतकसारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर आणखी कठीण. तिच्या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. पेट्रोल आणि पाणी वेगळे झाले की ऑइल वरच्या थरात राहते, आणि कॉक ओढतो तळचा थर. इंजिन कोरडे फिरते आणि जाम होते. आपल्याकडे पावसाळ्यात गाडी झोपडीबाहेर, चाळीच्या बोळात उघड्यावर उभी असते. टाकीच्या झाकणाचे रबर गेलेले असेल, तर पाणी आत जाण्यास एक रात्र पुरते.

शिवाय इथेनॉल स्वतः ऑक्सिजन बाळगून असते. नव्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर तो ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ती अक्कल नाही. जेट जेवढे सोडते तेवढेच सोडते. मिश्रण पातळ होते, सकाळी चोक देऊनही किका माराव्या लागतात, पिकअप घेताना गाडी मिसिंग करते, चढावर इंजिन तापते.

मग करावे काय? मेकॅनिक बंधूंचे अनुभव ऐकून आणि वर सांगितलेली कारणे ताडून पाहून आम्हाला वाटते ते असे. पावसाळ्याआधी पेट्रोलचा पाइप, कॉक-वॉशर व गॅस्केट बदलून घ्यावे, आणि दुकानदाराला “इथेनॉल चालणारा पाइप द्या” असे स्पष्ट सांगावे. टाकीच्या झाकणाचे रबर त्याच वेळी पाहावे. टाकी ते कार्बोरेटर यांच्यामध्ये फिल्टर नसेल तर बसवावा, कारण इथेनॉल जुन्या टाकीतला गंज व चिकट थर सोडवून थेट जेटमध्ये नेऊन घालते. प्लग काढून रंग बघावा. तपकिरी असला तर ठीक. पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ आहे, तेव्हा मेकॅनिककडून जेट एक नंबर मोठे करून घ्यावे. मोटारसायकल असेल तर निडलची क्लिप एक खाच खाली घेतली तरी भागते. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. पत्र्याची टाकी अर्धी ठेवू नये. भरलेली असली की आत ओली हवा कमी राहते. हौसेने जुनी फियाट किंवा अँबॅसडर बाळगणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. उलट त्यांच्या गाड्या जास्त वेळ उभ्या असल्याने त्यांना तो अधिकच लागू.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे गॅरेजवाल्याला पाहता येते. खुणा असलेल्या उंच काचेच्या नळीत थोडे पाणी घ्यायचे, त्यावर पेट्रोल ओतायचे, हलवून दहा मिनिटे ठेवायचे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर जितका वाढेल तितके ते असते, असा हा ढोबळ अंदाज. भगिनींनो, हा प्रयोग घरात मात्र करू देऊ नका. चुलीपासून, दिव्यापासून आणि मुलांपासून पेट्रोल दूरच असावे. राहिलेले पेट्रोल गटारातही ओतू नये.

साधे पेट्रोल घ्यावे म्हटले तर सामान्य पंपावर तशी निवड नाही. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. या पेट्रोलमुळे विमा रद्द होतो, अशी आवई मध्यंतरी उठली होती. ती खोटी असल्याचे मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. विमा चालू ठेवावा. आणि जुनी गाडी विकत घेणार असाल, तर आता टायर-चेन पाहण्याआधी टाकीचे झाकण उघडून टॉर्चने आत बघावे. तळाशी तांबूस गाळ दिसला, तर किंमत तिथेच पाडून मागावी.