सेल्फ मारला की नुसतं ‘टिक्’: जुन्या मोटरसायकलची स्टार्टर मोटर

आज इंदूरहून, माझ्या घराच्या ओट्यावरूनच बोलतोय, कारण गाडी इथेच उघडली होती.

गाडी बाबांची. १५० सीसी, वय १७ वर्षं. बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून किक मारायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे. म्हणजे सेल्फ गेला की बाबांचं मंडईत जाणं, मित्रांकडे जाणं, सगळं बंद. गॅरेजवाल्याने दोनदा बटण दाबलं आणि निकाल दिला, "मोटर गयी, नई डलवा लो." मोटर न उघडता! तेव्हा मी म्हटलं, आधी आपण बघू.

आता नीट ऐका, कारण निम्मं निदान कानानेच होतं. बटण दाबल्यावर थोडासा करंट रिलेला जातो. रिले आतून जाड वायर जोडतो आणि बॅटरीचा मोठा करंट मोटरला मिळतो. मोटर पुढे गिअर आणि वन-वे क्लचमधून इंजिन फिरवते. बटण दाबून काहीच आवाज नाही? मग फ्यूज, बटण, क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच बघा. मोटर घुर्रकन फिरते पण इंजिन हलत नाही? मग मोटर ठीक आहे, वन-वे क्लच घसरतोय. तो इंजिनाच्या झाकणाआड असतो, ते काम वेगळं. आणि नुसतं ‘टिक्’ झालं तर बॅटरी, रिले, वायर किंवा मोटर, चौघांपैकी कोणीही.

इथे मल्टिमीटर लागतो. साधा घ्या, चालतो. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बटण दाबून धरल्यावर ती साधारण ९.६ च्या खाली कोसळली तर आधी बॅटरी चार्ज करून बघा. पुष्कळ लोक हेडलाइट मंद होतो का ते बघायला सांगतात. पण आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांत हेडलाइट इंजिन चालू झाल्यावरच लागतो, तिथे ही युक्ती फसते. त्याऐवजी हॉर्न वाजवून बघा.

आमची बॅटरी ठीक होती. मग मीटरची एक तार मोटरच्या जाड वायरच्या नटाला, दुसरी मोटरच्या बॉडीला लावली आणि बाबांना बटण दाबायला सांगितलं. ११ व्होल्टच्या वर आले, मोटर ढिम्म. करंट दारापर्यंत येतोय, घरात कोणी उठत नाही. म्हणजे दोष आतच. (स्क्रू ड्रायव्हरने रिलेची दोन टोकं जोडून ठिणगी पाडायची पद्धत गॅरेजांत सर्रास चालते. पेट्रोलच्या टाकीखाली मी ती करणार नाही, तुम्हीही करू नका.)

खोलताना पहिलं काम, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणं. मग मोटरची वायर, दोन बोल्ट, आणि मोटर हलवत हलवत बाहेर. थोडं इंजिन ऑइल सांडेल, खाली फडकं ठेवा. मोटरच्या बॉडीवर आणि दोन्ही झाकणांवर मार्करने एक सरळ रेघ ओढा, बसवताना तीच कामी येते. शाफ्टवर पातळ वॉशर असतात, त्यांचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आत काय दिसलं? काळी भुकटी, आणि कार्बन झिजून स्प्रिंग त्यांना कॉम्युटेटरवर दाबूच शकत नव्हती. एवढंच. कार्बनचा जोड सुट्या भागांच्या दुकानात मिळतो आणि त्याची किंमत नव्या मोटरपुढे किरकोळ असते. भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, फुंकर मारू नका. कॉम्युटेटरचं तांबं बारीक सँडपेपरने हलकं घासा. एमरी पेपर नको, त्याचे कण चरांत अडकून शॉर्ट करू शकतात. पट्ट्यांमधले चर टोकदार वस्तूने साफ करा.

मग पुन्हा मीटर. तांब्याची पट्टी आणि शाफ्ट यांच्यात जोड दाखवला तर आर्मेचर गेलं. तेव्हा, किंवा तांबं फार झिजलं असेल, किंवा आतले चुंबक बॉडीपासून सुटले असतील, तर मात्र नवी मोटर घ्यावी. घेताना जुनी सोबत न्या, दाते मोजून बघा.

आता माझी चूक सांगतो. पॉझिटिव्ह कार्बन ज्या बोल्टला जोडतो, त्याच्याभोवती फायबरचे वॉशर असतात. एक वॉशर मी विसरलो. नशीब, आर्मेचर बसवण्याआधी बोल्ट आणि बॉडी यांच्यात मीटर लावला आणि सरळ शॉर्ट दिसला. तसाच बसवला असता तर बटण दाबताच जाड वायर तापून धूर निघाला असता.

दुसरी चूक महागात पडली. मोटरच्या आत थोडं ऑइल दिसलं होतं, ते मी पुसून सोडून दिलं. तीन महिन्यांत सेल्फ पुन्हा मेला. शाफ्टच्या जुन्या सीलमधून ऑइल आत येऊन नवे कार्बन माखले होते. बाबा तेव्हा राजवाड्यापाशी अडकले आणि कोणा पोराकडून किक मारून घेऊन घरी आले. मला काही बोलले नाहीत, पण हेल्मेट जरा जोरात ठेवलं. दुसऱ्यांदा सील, बाहेरची ओ-रिंग आणि कार्बन, तिन्ही बदलले. मोटर जिथे इंजिनाला टेकते ती जागाही घासून चकचकीत केली, कारण मोटरचं अर्थिंग तिथूनच होतं.

तेव्हापासून बाबांना एकच नियम सांगून ठेवलाय. बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, आणि पुन्हा दाबण्याआधी मनात पंधरापर्यंत मोजायचं. ते दहापर्यंतच मोजतात.