पाच वेळा ‘शिफ्ट’ दाबल्यावर येणारी ती चौकट कुणासाठी?

कॉम्प्युटरवर शिफ्टचं बटण सलग पाच वेळा दाबलं की ‘स्टिकी कीज’ची चौकट उघडते. बहुतेक जण वैतागून ती बंद करतात. पण ज्याचा एकच हात चालतो त्याला ती फार कामाची आहे. शिफ्ट किंवा कंट्रोलसोबत दुसरं बटण दाबायला दोन हात लागतात. ही सोय चालू केली की बटणं एकामागून एक दाबली तरी चालतं.

यामागे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचं संशोधन आहे. १९७१ मध्ये तिथला विद्यार्थी ग्रेग व्हँडरहायडन याने सेरेब्रल पाल्सी असलेल्या, बोलू न शकणाऱ्या एका मुलासाठी काम सुरू केलं. मुलगा अक्षरांच्या फळीवर हात नेऊन आपलं म्हणणं सांगायचा, पण हात नीट काबूत राहायचा नाही. म्हणून असं यंत्र बनवलं, जे हाताच्या झटक्यांकडे लक्षच देत नसे. हात जिथे थांबेल तेच अक्षर उमटायचं. मुलाने यंत्राशी जुळवून घ्यायचं नाही, यंत्राने मुलाशी! यातूनच ‘ट्रेस सेंटर’ उभं राहिलं. त्याच्या संशोधनातल्या अशा सोयी पुढे ‘विंडोज ९५’ मध्ये थेट आल्या, वेगळे पैसे न मोजता.

आज अशा सोयी आपल्या मोबाईलमध्येही आहेत. तरी नजर कमी झालेल्या दादी-नानींना ओटीपी कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. बँकेतली रक्कम, दवाखान्याचा रिपोर्ट, सगळं दुसऱ्याच्या नजरेखालून जातं.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. ‘मॅग्निफिकेशन’ने स्क्रीन मोठी दिसते. अजिबात दिसत नसेल तर ‘टॉकबॅक’ स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतं; आयफोनमध्ये त्याला ‘व्हॉइसओव्हर’ म्हणतात. मात्र टॉकबॅक चालू केल्यावर फोन वेगळा वागतो: एकदा टेकवलं की नाव ऐकू येतं, दोनदा टेकवलं की उघडतं, सरकवायला दोन बोटं लागतात. पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी बसून सराव करून घ्या. आणि इअरफोन लावा, नाहीतर ओटीपी सगळ्या घराला ऐकू जाईल.

डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितलं. त्यामुळे केवायसीसाठी डोळे मिचकावता येत नसतील तर बँकेकडे दुसरा मार्ग मागा. कागदावरची केवायसीही चालू ठेवा, असं त्याच निकालात आहे.