आयकर परतावा का अडतो? : निदान आणि परिहार

रुग्णाच्या नाडीकडे आपण वैद्य जितके लक्ष देतो, तितके स्वतःच्या हिशेबवहीकडे देत नाही. याचा परिणाम आयकराच्या परताव्यात प्रकर्षाने दिसून येतो. रुग्णालयातील अभ्यागत वैद्याच्या शुल्कातून दहा टक्के कर (टीडीएस) आधीच कापला जातो. औषधी दुकानदारांच्या बाबतीत मुदत ठेवींवरील व्याजातून व कमिशनातून अशी कपात होते.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या वैद्याला वर्षभरात ४ लाख रुपये व्यावसायिक शुल्क मिळाले व त्यातून ४०,००० रुपये कापले गेले. अनुमानित उत्पन्न योजनेनुसार (कलम ४४ एडीए) निम्मी जमा, म्हणजे २ लाख रुपये, उत्पन्न धरता येते. अन्य उत्पन्न नसल्यास त्यावर कर लागत नाही आणि संपूर्ण ४०,००० रुपये परत मिळावयास हवेत. छोट्या चिकित्सालयाचे काही महिन्यांचे भाडे वा वनौषधींची हंगामी खरेदी या रकमेवर अवलंबून असते.

आमच्या मते विलंबाची बहुतेक कारणे विवरणपत्र भरण्यापूर्वीच निर्माण झालेली असतात. म्हणून येथेही निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा होय. (आयकर अधिनियम २०२५ चा अंमल १ एप्रिल २०२६ पासून आहे. पुढील कलमे व नमुने १९६१ च्या अधिनियमातील असून आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नास तेच लागू आहेत.)

नोंदींचा मेळ

कापलेला कर आपल्या पॅनवर जमा दिसला तरच त्याचे श्रेय मिळते. यासाठी फॉर्म २६ एएस व वार्षिक माहिती विवरण (एआयएस) आपल्या वहीशी ताडून पाहावे. जानेवारी ते मार्च या तिमाहीचे कपातविवरण देण्याची मुदत ३१ मेपर्यंत असते. साहजिकच एप्रिल-मेमध्ये घाईने भरलेल्या विवरणपत्रात तफावत राहण्याचा संभव असतो. कपात दिसत नसेल, तर संबंधित संस्थेच्या लेखा विभागास लेखी कळवून दुरुस्ती विवरण दाखल करावयास लावावे, कारण ही दुरुस्ती केवळ कापणारा करू शकतो.

२६ एएसमधील कपातीचे श्रेय घ्यावयाचे, परंतु त्यामागील संपूर्ण जमा दाखवावयाची नाही, असे केल्यास विवरणपत्र सदोष ठरू शकते. संस्थेने कपात वेतन म्हणून केली आहे की व्यावसायिक शुल्क म्हणून, हेही पाहावे. वेतनाला अनुमानित योजना लागू होत नाही.

पॅन आणि बँक खाते

१ जुलै २०२३ पासून, ज्यांना आधार जोडणी बंधनकारक आहे त्यांचे न जोडलेले पॅन निष्क्रिय ठरते. अशा पॅनवर परतावा मिळत नाही, त्या काळाचे व्याजही मिळत नाही आणि कपात मात्र चढ्या दराने होते. परतावा पॅनशी जोडलेल्या व आयकर संकेतस्थळावर पूर्वप्रमाणित केलेल्या खात्यातच जमा होतो. खात्यावरील नाव पॅनवरील नावाशी जुळले पाहिजे. बँकेच्या विलीनीकरणामुळे आयएफएससी बदलला असल्यास खाते पुन्हा प्रमाणित करावे.

पडताळणी

विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी. १ ऑगस्ट २०२२ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि अनेकांच्या मनात अद्याप तीच आहे. मुदतीनंतर पडताळणी केल्यास पडताळणीचा दिनांक हाच विवरणपत्राचा दिनांक धरला जातो व ते विलंबित ठरू शकते. आधारशी जोडलेल्या भ्रमणध्वनीवर येणाऱ्या ओटीपीने हे काम काही मिनिटांत होते.

त्यानंतरची दक्षता

सदोष विवरणपत्राच्या सूचनेस १५ दिवसांत, तर जुन्या थकबाकीपोटी परतावा वळता करण्याच्या सूचनेस २१ दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. ई-मेल व भ्रमणध्वनी सल्लागाराचा नोंदविलेला असेल, तर या सूचना आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. तेथे स्वतःचाच पत्ता नोंदवावा. खाते न जुळल्याने परतावा फसल्यास, खाते दुरुस्त करून पुनर्वितरणाची विनंती करावी लागते.

विवरणपत्र मुदतीत भरलेले असल्यास परताव्यावर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. वरील उदाहरणात ते महिना २०० रुपये होते. उशिरा भरल्यास व्याज भरल्याच्या दिनांकापासूनच मोजले जाते. हे व्याज करपात्र आहे, हेही ध्यानात असावे.

ज्यांच्यावर दरवर्षी कर लागत नाही आणि तरीही कपात होते, त्यांनी कमी दराच्या अथवा शून्य कपातीच्या प्रमाणपत्रासाठी वर्षारंभीच अर्ज करावा. परताव्याची वाट पाहण्याची वेळच येऊ न देणे, हा सर्वोत्तम उपाय होय. वैद्यबंधू, भगिनी व औषध विक्रेत्यांनी दर तिमाहीस अर्धा तास या ताळ्यासाठी राखून ठेवावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.