हात लावा आणि पाहा

संग्रहालयात मुलांना घेऊन गेलो, की पहिली सूचना ठरलेली असते : ‘हात लावू नका.’ शिल्प दुरून पाहायचे, हे आपल्या अंगवळणीच पडले आहे. पण ब्राझीलमधील लिजिया क्लार्क (१९२०-१९८८) यांनी १९६० च्या सुमारास अशी शिल्पे केली, की जी हात लावल्याशिवाय पुरती कळतच नाहीत. ॲल्युमिनियमचे सपाट पत्रे बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेले. त्यांचे नाव ‘बिशु’. पोर्तुगीज भाषेत याचा अर्थ प्राणी, जनावर.

पाहणाऱ्याने हे पत्रे उघडायचे, मिटायचे, उलटायचे. गंमत अशी, की एक पत्रा उचलला की भलतीकडचाच हलतो. जणू शिल्प आपल्याला उत्तर देते आहे. निर्जीव पत्र्यांत हे कसे घडते?

उत्तर भूमितीत आहे, आणि वर्गात करून पाहता येते. जाड पुठ्ठ्याचे १० सेंमी बाजूचे समभुज त्रिकोण कापा. चिकटपट्टी ही आपली बिजागरी. दोन त्रिकोण एका बाजूने जोडले, तर ते पुस्तकासारखे हवे तेवढे उघडतात. आता तीन त्रिकोण एका टोकाभोवती जोडून कडे पूर्ण करा. तीन बिजागऱ्या असूनही काहीच हलत नाही! कारण तळाच्या तीन कडांचा त्रिकोण झाला, आणि तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार पक्का होतो.

चार त्रिकोणांचे असेच कडे करा आणि हातात उचलून धरा. आता तळाशी चौकोन आहे. बाजू तेवढ्याच राहूनही चौकोनाचा आकार बदलू शकतो. समोरासमोरचे दोन कोपरे जवळ आणा; दुसरे दोन, ज्यांना आपण स्पर्शही केलेला नाही, आपोआप दूर जातात. बिजागऱ्या चार, पण स्वतंत्र हालचाल एकच. एक कोन आपण ठरवला, की बाकीचे कोन त्याला बांधलेले. ‘बिशु’च्या उत्तर देण्यामागे असेच बंधन असते. बिजागऱ्यांची मोकळीक आणि पत्र्यांची एकमेकांना होणारी अडवणूक, या दोहोंतून त्याच्या हालचाली ठरतात.

पण स्पर्शाची किंमतही असते. बिजागऱ्या झिजतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा संरक्षक थर असला, तरी घामातील क्षार तो जागोजागी भेदतात आणि धातूवर बारीक खड्डे पडतात. म्हणून हाताळण्यासाठीच घडवलेली ही शिल्पे आज अनेकदा स्पर्शापासून दूर ठेवावी लागतात. २०१४ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील प्रदर्शनात प्रेक्षकांना हाताळण्यासाठी प्रतिकृती ठेवल्या होत्या. वस्तू जपली तर अनुभव हरवतो. अनुभव दिला तर वस्तू झिजते. प्रतिकृती हा त्यातला एक मार्ग.

आपल्या प्रयोगशाळेतील कुलूपबंद कपाटापुढेही हाच पेच असतो. तेथील महागडी उपकरणे जपायलाच हवीत. पण पुठ्ठ्याचे त्रिकोण फाटले, तर पुन्हा कापता येतात. ते मुलांच्या हाती द्यायला आपण का कचरावे?

आणि हो, पाच त्रिकोणांचे कडे केले तर स्वतंत्र हालचाली किती? उत्तर आम्ही सांगत नाही. ते हातांनाच विचारा.