टॉवर ब्रिजपलीकडचं पाय-मॅश

लंडनचा टॉवर ब्रिज पाहून झाला की बहुतेक पर्यटक आल्या वाटेने परततात. त्याऐवजी पूल ओलांडून दक्षिणेला टॉवर ब्रिज रोडने चालत राहावं. बर्मंडसी या जुन्या गोदी कामगारांच्या वस्तीत ८७ क्रमांकाला ‘एम. मॅन्झी’ हे पाय-मॅशचं दुकान लागतं. आत हिरव्या-पांढऱ्या टाइल्स, संगमरवरी टेबलं आणि अंग चोरूनच बसावं अशी अरुंद लाकडी बाकं.

काउंटरमागची बाई उकडलेल्या बटाट्याचा लगदा कालथ्याने ताटलीच्या कडेला एका फटक्यात थापते. शेजारी पाय : आत बीफचा खिमा, खाली चरबी घालून मळलेली मऊ पारी, वर खुसखुशीत झाकण. त्यावर पळीभर हिरवट सॉस. नाव ‘लिकर’, पण दारूचा थेंब नाही. तो पार्स्लीचा सॉस. पूर्वी ईल मासा शिजवलेल्या पाण्यात करत. मुरलेली गिऱ्हाइकं पाय उलटा करतात, बूड फोडून आत मिरचीचं व्हिनेगर शिंपडतात आणि काटा-चमच्याने खातात. सुरी मागितलीत की तुम्ही बाहेरगावचे. मराठी जिभेला हे सगळं मिळमिळीतच लागणार. व्हिनेगर निभावून नेतं. सार्सन्स या नामांकित व्हिनेगरचा कारखानाही इथे जवळच, टॅनर स्ट्रीटवर होता. आता तिथे फ्लॅट आहेत.

पायात आधी बीफ नव्हतं, ईल होता, म्हणजे आपल्या वामचा भाऊबंद. स्वस्त आणि मुबलक, म्हणून गरिबाचा. फेरीवाले गरम पाय रस्त्यावर विकत. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१च्या आपल्या ग्रंथात त्यांचा धंदा नोंदवलाय. गिऱ्हाईक नाणं उडवायचं. विक्रेता जिंकला तर पाय न देताच पेनी खिशात, हरला तर पाय फुकट. पण तेव्हाच पेनीत पाय देणारी दुकानं निघाली होती आणि फेरीवाल्यांचा धंदा बसत चालला होता.

बर्मंडसीचं हे दुकान मुळात रॉबर्ट कुकचं. त्याच्या घराण्यात लग्न झालेल्या मिकेले मॅन्झीने ते १९०२मध्ये घेतलं. हा मिकेले इटलीतल्या रावेल्लोचा, लहानपणी आईवडिलांबरोबर इथे आलेला. घरचा धंदा आधी बर्फाचा, मग आइस्क्रीमचा. लंडनकर ज्याला अस्सल आपलं म्हणून छाती फुगवतात, ते खाणं एका इटालियन घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलंय.

पायसारखीच कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामकरी माणसांची, यमकबोलीही रस्त्यावरची. ‘पाहणे’ म्हणजे ‘लुक’. त्याला यमक ‘बुचर्स हुक’. मग यमकाचा शब्दच गाळायचा आणि म्हणायचं, ‘हॅव अ बुचर्स’. नवख्याला काय कळणार? डोळे म्हणजे ‘मिन्स पाइज’. खोटं म्हणजे ‘पोर्क पाइज’, लाडाने ‘पोर्कीज’. १८५९मध्ये जॉन कॅम्डन हॉटनने आपल्या कोशात ही बोली नोंदवली आणि तिचं श्रेय सेव्हन डायल्स भागातल्या, रस्त्यावर गाणी-बातम्या ओरडून विकणाऱ्यांना दिलं. पोलिसांना चकवायला चोरांनी ती काढली, ही कथा जास्त खपते. मला मात्र हॉटनचं पटतं. ज्याचं पोट जिभेवर चालतं, त्यालाच यमकाचा असा नाद लागणार. आणि चोरटी भाषा इतकी मजेत, चारचौघांत कोण बोलेल?

पूर्व लंडनमधली जुनी कुटुंबं दुसऱ्या महायुद्धानंतर एसेक्सकडे सरकली, तशी पायची दुकानंही. शहरातली एकेक बंद होतायत. युरोपीय ईल आता अतिसंकटग्रस्त, त्यामुळे गरिबाचा मासा गरिबाला परवडत नाही. बोलीचं मात्र बरं चाललंय. तिला नवे शब्द लागतात आणि ते मिळतात. रूबी मरे ही बेलफास्टची गायिका. १९५५मध्ये तिची पाच गाणी एकाच वेळी ब्रिटनच्या टॉप ट्वेंटीत होती. आज तिची गाणी फारसं कुणी ऐकत नाही, पण ‘मरे’चं यमक ‘करी’शी जुळतं. तेव्हा नदीपल्याड ब्रिक लेनच्या बांगलादेशी हॉटेलांकडे निघालेला लंडनकर अजूनही सांगतो, ‘रूबी खायला चाललोय.’